उकिरड्याचा पांग

गेल्या उन्हाळ्यात रिठदच्या वाटेवरील एका गावी लग्नाला जाण्याचा योग आला. रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील गाव. सारा मुलूख सोयाबीन-तुरीचा, आणि वैशाखात उन्हाने भाजून निघणारा. जेवणे आटोपल्यावर सावली शोधत मांडवाच्या मागे गेलो, तर तिथे एक पांढराशुभ्र ढीग दिसला. थर्मोकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, चमचे आणि त्यांत अडकलेले वरण-भाताचे शेष असा तो ढीग होता. वाऱ्याची झुळूक आली की वरच्या ताटल्या उडत आणि शेजारच्या नांगरलेल्या वावरात जाऊन पडत. दोन गाई त्या ढिगात तोंड घालून उभ्या होत्या. खाटेवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी सहज विचारले, "काका, याचे पुढे काय होते?" ते हसले आणि म्हणाले, "पयले उकंड्याचाई पांग फिटे, सर. या उकंड्याचा कोन फेडते?"

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, ही म्हण आपण वर्गात शिकवतो. तिचा अर्थही ठरलेला असतो. कितीही हीन अवस्था असली तरी कधी ना कधी दिवस पालटतात, असा तो अर्थ. ही म्हण ज्या भौतिक व्यवहारातून आली तो व्यवहार मात्र आपण सांगत नाही. उकिरडा ही घाण टाकून देण्याची जागा नव्हती, ते साठवण्याचे ठिकाण होते. शेण, गोठ्यातील काडीकचरा, चुलीतील राख, भाजीची देठे आणि उष्ट्या पत्रावळी हे सारे त्यात कुजत असे आणि पावसाळ्यापूर्वी गाडीत भरून शेतात जात असे. पांग फिटणे हा त्या ढिगाच्या बाबतीत दरवर्षी घडणारा प्रकार होता. म्हणीने त्याला बारा वर्षांची मुदत दिली, एवढेच. त्या वृद्ध गृहस्थांनी एका वाक्यात जे सांगितले ते असे, की म्हण तशीच राहिली आणि तिच्या खालचा उकिरडा मात्र बदलला. या बदलाचा इतिहास मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हा इतिहास सामान्यतः फार सोपा करून सांगितला जातो. पूर्वी पत्रावळी होत्या, कापडी पिशव्या होत्या आणि माणसे निसर्गाशी एकरूप होती. मग प्लास्टिक आले आणि सारे बिघडले. आता पुन्हा मागे वळावे, असे हे कथानक असते. ते ऐकायला गोड आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने तरी त्यावर चटकन विश्वास ठेवू नये, असे मला वाटते.

प्रथम पत्रावळीचा विचार करू. वऱ्हाडात पळस विपुल. पळसाला पाने तीनच, ही आणखी एक म्हण याच मातीशी नाते सांगणारी. पळसाची, कुठे मोहाची पाने खुडून आणायची, बारीक काड्यांनी टाचायची, वाळवून त्यांच्या गड्ड्या बांधायच्या आणि लग्नसराईत विकायच्या, हा अनेक घरांचा, विशेषतः बायकांचा, जोडधंदा होता. कुंभाराकडून मडकी-गाडगी येत. पत्रावळ, द्रोण आणि मातीचे भांडे यांचा वापर पुष्कळदा एकदाच होई. म्हणजे 'वापरा आणि फेका' ही रीत थर्मोकोलने आणली असे म्हणता येणार नाही. ती आपल्याकडे जुनीच आहे. तिच्या मुळाशी सोय होती, स्वच्छता होती. आणि हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे की उष्टे-खरकटे, सोवळे-ओवळे आणि विटाळ यांच्या कल्पनाही होत्या. जे पान एकदाच वापरायचे आहे ते पूर्वी कोणाच्या ताटात होते, हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरा प्रश्न मात्र उद्भवतो, आणि तो अधिक टोकदार आहे. जेवण झाल्यावर ते पान उचलायचे कोणी? धर्मराजाच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा आपल्या कीर्तनपरंपरेत शतकानुशतके रंगवून सांगितली जाते. देवाने हे काम केले याचे एवढे अप्रूप वाटावे, यातच ते काम एरवी कोणाच्या वाट्याला येत असे हे सूचित होते. पंगतीचे शिल्लक अन्न कोणाच्या वाट्याला जाई, हे आपल्याला दलित आत्मकथनांनी सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त शाळेच्या सहलीतील उरल्यासुरल्या अन्नाचा प्रसंग आहे. तो वाचल्यानंतर पंगतीच्या रम्य आठवणी पूर्वीसारख्या रम्य राहत नाहीत. १९५६ साली नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील कितीतरी वस्त्यांनी गावकीची हलकी मानलेली कामे नाकारली. पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. ज्यांनी उष्टे उचलावे असे गावाने गृहीत धरले होते, त्यांनी ते गृहीतक मोडले. चहाच्या दुकानात कपबशी वेगळी ठेवण्याची रीत अनेक गावांत पुढेही बराच काळ टिकली, हेही आपल्याला ठाऊक आहे.

या पार्श्वभूमीवर फेकून देण्याजोगा पेला आणि थर्मोकोलची ताटली गावात आली. ती केवळ स्वस्त होती म्हणून रुळली, असे मला वाटत नाही. तिने एक अवघडलेला सामाजिक प्रश्न न सोडवता बाजूला सारला. सर्वांना सारखाच पेला मिळाला. घासणारा नाही, विसळणारी नाही, कोणाची कपबशी वेगळी नाही. ही समता वरवरची होती, कारण ढीग उचलण्याचे काम शेवटी पुन्हा तळाच्या माणसाकडेच गेले. तरीही पेल्याच्या त्या सारखेपणाला काहीच अर्थ नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'पुन्हा पत्रावळीकडे चला' असे सांगणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, की पत्रावळ उचलणार कोण?

आता पदार्थाकडे वळू. पॉलिस्टायरीनचा शोध जर्मनीत एदुआर्ट सिमोन याने १८३९ साली लावला, परंतु त्याचा उपयोग कळायला जवळजवळ शतक लागले. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचे मणी वाफेने फुगवून हलका फेस बनवण्याची रीत सापडली. आपण ज्याला थर्मोकोल म्हणतो तो हाच पदार्थ. ते नाव मुळात एका व्यापारी नाममुद्रेचे, पण मराठीने ते सामान्यनाम म्हणून स्वीकारले आणि मखरापासून जेवणाच्या ताटलीपर्यंत सर्वत्र वापरले. पॉलिथिन इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत १९३३ साली जवळपास अपघातानेच हाती लागले. दोन कानांची, एकसंध, पातळ पिशवी ही स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलीन यांची कल्पना. तिचे अमेरिकी पेटंट १९६५चे आहे. कागदी पिशव्यांसाठी झाडे तोडली जातात, ती वाचावीत आणि ही मजबूत पिशवी लोकांनी घडी घालून पुन्हा पुन्हा वापरावी, असा त्यांचा हेतू असल्याचे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. वस्तूचा हेतू आणि तिचे नशीब यांत केवढे अंतर पडू शकते, याचे हे बोलके उदाहरण.

थर्मोकोलचा एक विशेष इथे ध्यानात घेतला पाहिजे. त्याच्या आकारमानाचा बहुतांश भाग नुसती हवा असतो. म्हणून ते हलके, आणि म्हणूनच भंगारवाल्याला नकोसे. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, दुधाची जाड पिशवी यांना भंगारात काहीतरी भाव मिळतो. किलोभर थर्मोकोल गोळा करायचे तर हातगाडी भरते, आणि त्यातही अन्न लागलेले असते. पातळ पिशवीचेही तसेच. ज्याला भाव नाही ते कोणी उचलत नाही. मग ते जाळले जाते, नाल्यात जाते, गाईच्या पोटात जाते किंवा शेणखतातून वावरात पसरते. पांग न फिटण्याचे कारण केवळ रासायनिक नाही, ते आर्थिकही आहे.

शासनाला या प्रश्नाची जाग प्रथम शहरांमुळे आली. १९९९ साली केंद्र सरकारने पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. मिठी नदीवरील अतिक्रमणे आणि अपुऱ्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ही मोठी कारणे होती. पण लोकांच्या डोळ्यांसमोर आल्या त्या गटारांची तोंडे बुजवणाऱ्या पिशव्या. बांगलादेशातही पुरांच्या अनुभवानंतरच २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी आली होती. महाराष्ट्राने २००६ साली अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला आणि पिशवीची किमान जाडी ५० मायक्रॉन ठरवली. देशाच्या नियमांत ही मर्यादा यायला २०१६ साल उजाडले.

२०१८च्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्य शासनाने प्लास्टिक आणि थर्मोकोलबंदी जाहीर केली. २३ मार्चला अधिसूचना निघाली. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला स्थगिती नाकारली आणि २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी ती तरतूद होती. भाजीची हातगाडी लावणाऱ्या माणसाला पाच हजार म्हणजे काय, याचा विचार हा आकडा ठरवताना कितपत झाला असेल, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. पुढे केंद्राने १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, सजावटीचे थर्मोकोल इत्यादींवर देशभर बंदी आणली, आणि पिशवीची किमान जाडी त्या वर्षअखेरपासून १२० मायक्रॉन केली. कागदावर पाहिले तर मांडवामागचा तो ढीग अस्तित्वातच असायला नको होता.

तो होता, कारण कायद्याचा इतिहास आणि गावाचा इतिहास वेगवेगळ्या गतीने चालतात. प्लास्टिक कचऱ्याचे केंद्रीय नियम ग्रामीण भागाला प्रथम लागू झाले ते २०१६ साली. तोवर गावात असा कचरा होतो, हेच जणू नियमांना मान्य नव्हते. आणि तोवर शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, बियाण्यांची पाकिटे, खताची पोती आणि बाजारातली पातळ पिशवी गावोगाव पोहोचून दोन-तीन दशके उलटली होती. ग्रामपंचायतीवर जबाबदारी आली. घंटागाडी, वर्गीकरण आणि पुढची प्रक्रिया यांसाठी माणसे आणि पैसा त्याच वेगाने आला नाही.

असे असले तरी गावांनी काहीच केले नाही, हे खरे नाही. विदर्भाला तर या कामाची स्वतंत्र परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीला लोकांनी जे नाव दिले ते एका भांड्याचे. हातात खराटा आणि जेवायला मातीचे गाडगे. गाडगेबाबा गावात येत ते आधी झाडायला लागत, आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडत. प्रस्तुत विषयात मला त्यांचे महत्त्व असे वाटते: जे काम गावाने एका जातीला नेमून दिले होते, ते त्यांनी सर्वांसमक्ष स्वतः केले, आणि आपले जेवणाचे पात्र स्वतःच वागवले. पत्रावळ कोण उचलणार या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणी क्वचितच दिले असेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५च्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला तो याच परंपरेत.

पुढे २०००-०१ साली, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, राज्याने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्याला गाडगेबाबांचे नाव दिले. शासनाने अनुदान वाटण्याऐवजी गावांत स्पर्धा लावली आणि गावे खरोखर हातात खराटे घेऊन उतरली. त्या अभियानाचा भर मुख्यतः हागणदारीमुक्तीवर होता. २०१० साली आलेल्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेत मात्र वृक्षलागवड, करवसुली यांच्या जोडीला प्लास्टिक पिशव्यांवरील बंदी हाही निकष होता. ग्रामसभेने ठराव घ्यायचा, दुकानदारांना सांगायचे आणि बचत गटाच्या महिलांनी कापडी पिशव्या शिवायच्या, असा तो क्रम. अशा कितीतरी पिशव्या त्या काळात शिवल्या गेल्या. परंतु फुकट मिळणाऱ्या पन्नीपुढे विकत घ्यायची पिशवी टिकणे अवघड होते. बक्षिसाची तपासणी झाली की ठराव दप्तरात जाई, असेही अनेक ठिकाणी झाले. २०१८ साली बंदी आली तेव्हा शिवणयंत्रे पुन्हा सुरू झाली आणि बंदीचा जोर ओसरताच पुन्हा थंडावली. बचत गटांना स्थिर मागणी हवी असते. मोहिमेच्या लाटेने तीन महिन्यांचे काम मिळते, पण त्यातून धंदा उभा राहत नाही.

यापेक्षा टिकाऊ वाटणारी एक गोष्ट गावांकडे पूर्वीपासूनच आहे, आणि तिची चर्चा क्वचित होते. ती म्हणजे सार्वजनिक भांडी. कितीतरी गावांत देवस्थानाच्या किंवा समाजाच्या मालकीची पातेली, पराती, ताटे, पेले असतात. कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेली, तशी अक्षरे कोरलेली. लग्नाला न्यायची, मोजून परत आणून ठेवायची. त्या कोरलेल्या नावांना मी तरी स्थानिक इतिहासाची साधने मानतो. आपल्याकडच्या बिछायत केंद्रांनीही पुष्कळ काळ हीच व्यवस्था भाड्याने पुरवली. केरळने २०१५च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांपासून सार्वजनिक समारंभांत धुऊन वापरायच्या भांड्यांचा आग्रह धरला आणि त्याला शिस्तीचे रूप दिले. आपल्याकडे ती शिस्त नव्याने शोधावी लागणार नाही. देवळाच्या खोलीचे कुलूप काढले तरी बरेच काही सापडेल.

मात्र इथेही प्रामाणिक राहावे लागते. हजार ताटे घासायला पाणी लागते, आणि आपल्याकडची लग्ने नेमकी एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी तळाला गेलेल्या असताना असतात. ती घासणाऱ्या बहुधा बायका असतात, त्यांची मजुरी काय आणि त्यांचा मान काय, हा प्रश्न येतो. यंत्रावर दाबलेले पानांचे द्रोण हा मधला मार्ग म्हणून पुढे आला, पण बाजारात पानाऐवजी चकचकीत अस्तराच्या कागदी द्रोणांचीच गर्दी अधिक. दिसायला कागद, पण आत प्लास्टिक. जुलै २०२२ मध्ये राज्याला अशा वस्तूंविरुद्धही नियम करावा लागला. पळसाच्या पानाला अस्तर लागत नाही, मात्र ते खुडणारा हात लागतो, आणि त्या हाताला पुरेसे मोल दिले तर पत्रावळ थर्मोकोलइतकी स्वस्त राहणार नाही. ती तशी राहावी अशी अपेक्षा करणे म्हणजे जुन्या व्यवस्थेतील फुकटची मेहनत पुन्हा मागण्यासारखे आहे.

म्हणून मला वाटते, की स्थानिक पातळीवरील प्रयत्नांचा विचार 'जुने विरुद्ध नवे' असा न करता 'उचलणार कोण आणि त्याचे मोल किती' असा करावा. ज्या लग्नात ताटे धुणाऱ्या बाईची मजुरी मांडवाच्या खर्चात मोकळेपणाने धरली जाते, किंवा जिथे यजमान आणि पाहुणे आपापले ताट स्वतः उचलून ठेवतात, तिथे थर्मोकोल आपोआप अनावश्यक ठरते. जिथे हे होत नाही, तिथे दंडाचा आकडा वाढवून ढीग फक्त मांडवामागून आणखी आडोशाला जातो.

सुटीनंतर महाविद्यालय उघडल्यावर मी एम. ए.च्या वर्गात एक लहानसा स्वाध्याय दिला. वस्तू वाहून नेण्यासाठी घरातली वडीलधारी माणसे जे शब्द वापरतात ते लिहून आणा, एवढेच सांगितले. फळा भरून गेला. थैली, झोळी, पिशवी, बटवा, चंची, गाठोडे, बोचके, पुडी, पुडके, शिदोरी, टोपली, दुरडी, पाटी, पोते, गोणी. प्रत्येक शब्दाबरोबर एक पदार्थ, एक मापाचा अंदाज आणि बहुधा एक माणूस होता: टोपली विणणारा, थैली शिवणारी, पुडीला दोरा गुंडाळणारा किराणा दुकानदार. मग मी विचारले, आज घरून बाजारात जाताना तुम्ही यातले काय घेता? क्षणभर कोणी बोलले नाही. मागच्या बाकावरून एका मुलीने सांगितले, "काहीच नाही सर, पन्नी तिथंच मिळते."

तिच्या उत्तरात दोष नव्हता, ती खरे तेच बोलली. पण त्या फळ्याकडे पाहताना जाणवले की एवढ्या शब्दांची जागा एका शब्दाने घेतली आहे, आणि त्या एका शब्दामागे ओळखीचे कोणी माणूस नाही. तास संपल्यावर मी फळा पुसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी आणखी एक शब्द लिहून ठेवलेला दिसला: 'उकंडा'. तो वाहून नेण्याचा शब्द नव्हे, हे खरे. पण मी तो तसाच राहू दिला.